भोगीची बाजरी

पहिल्यांदा कुणीतरी दाणा खायचा सोडून पेरला, तेव्हा त्याच्या बायकोने त्याला काय ऐकवलं, हे इतिहासाची पुस्तकं सांगत नाहीत. मला ठाऊक आहे.

ऐंशीच्या दशकात मला सिल्वासाच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि लग्न होताच आम्ही दोघं खानदेशातून तिथल्या आमली भागातल्या दोन खोल्यांत आलो. सासूबाईंनी घरच्या शेतातली बाजरी गाठोड्यात बांधून दिली होती. बायकोने ती भोगीसाठी राखली. परमुलखातली पहिली भोगी. तीळ लावलेली भाकरी माहेरच्याच बाजरीची हवी, दुकानातली चालणार नव्हती.

मी तेव्हा शेतीच्या उगमावरचं एक पुस्तक वाचत होतो. अर्धवट वाचलेलं पुस्तक फार धीर देतं.

"खाल्ली तर संपेल. पेरली तर भोगीपर्यंत पोतंभर होईल!"

"अहो, इथला पाऊस ऐकलाय ना?"

"पाऊस जास्त, तर पीक जास्त."

हे खानदेशी माणूसच बोलू जाणे. जास्त पाऊस आम्ही पाहिलाय कधी?

खोल्यांमागच्या पडीक तुकड्यात अख्खं गाठोडं रिकामं केलं. बाजरी माझ्या डोक्याच्याही वर गेली. शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचो. मग ऐन फुलोऱ्यात पाऊस थांबेचना. कणसं काळी पडली, दाणा भरलाच नाही. बायकोने गाठोड्याचं रिकामं फडकं धुऊन घडी घालून ठेवलं. तेच जास्त लागलं.

माझ्या पाळीतला, डोंगराकडच्या दुधनी गावचा ऑपरेटर एकदा घरी आला. बाजरीची हिरवीगार ताटं बघून म्हणाला, "साहेब, बकऱ्यांसाठी एवढी मेहनत?"

"हो ना," मी म्हणालो.

आतून बायकोचं हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

त्याने काळी कणसं खुडून फेकली आणि ताटांचे भारे त्याच्याच बकऱ्यांसाठी बसच्या टपावर टाकून नेले. त्याच्याकडची कापणी आटोपल्यावर पिशवीभर नागली, म्हणजे आपली नाचणी, घेऊन दारात हजर.

"वहिनी, बकऱ्यांनी पाठवलीय."

भोगीला बायकोने नागलीची भाकरी थापली. पहिली तव्यावर जाताना तुटली, दुसरी फुगली. तिच्यावर तीळ उठून दिसत होते. तिने घास घेतला, डोळे पुसले, दुसरा घास घेतला.

"चांगली लागते हो. आईला दाखवायला थोडी नागली नेते."

पिशवी ठेवायला मी हात पुढे केला. तिने ती पदराखाली घेतली.

"तुम्ही नका. तुम्ही पेराल."