एलादीची पाठ

ला सेल्वेता गावात एलादीला पाठमोरा ओळखणार नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. मान आखूड, खांदे दाराच्या चौकटीला घासणारे, चालताना पाय किंचित फाकलेले. धंदा फरशी बसवण्याचा, म्हणजे सगळा दिवस गुडघ्यांवर. पण गावात त्याचा मान फरशीमुळे नाही. गावचं मंडळ माणसांचा मनोरा रचतं, आणि त्याच्या तळाला जे तिघं उभे राहतात त्यांतला सगळ्यांत जुना एलादी. त्यांच्या खांद्यांवर तिघं, त्यांच्यावर आणखी तिघं, असे थर चढत जातात आणि शेवटी दुधाचे दात पडलेली एखादी पोर टोकाला जाऊन हात वर करते. ती साऱ्या चौकाला दिसते. एलादी कुणालाच दिसत नाही, कारण तळाभोवती गावाने छातीला पाठ लावून कडं केलेलं असतं.

त्या कड्यात एलादीच्या सगळ्यांत जवळ असते ती त्याची बायको रेमेई. ती बुटकी आणि दणकट. नवऱ्याच्या डाव्या बगलेत शिरून, खांद्याने त्याची काख तोलून धरणं हे तिचं काम. लग्नाआधीपासून तिची जागा तीच आहे. नवरा-बायको असे बगलेत राहूनही एकमेकांपासून गोष्टी लपवतात, हे मात्र मला या दोघांमुळे कळलं.

मनोऱ्यात उतरणारा प्रत्येक जण कमरेला काळा लांबलचक शेला गुंडाळतो. एक टोक दुसऱ्याने ताणून धरायचं आणि आपण गिरक्या घेत त्यात शिरायचं. कमरेला आधार होतो, वर चढणाऱ्याला पाय ठेवायला जागा होते. पण आमच्या तळाच्या गड्यांची एक जुनी खोड आहे. पाठ दुखायला लागली की ते डॉक्टरकडे जात नाहीत, शेला आवळतात. एलादीने काही वर्षं हेच केलं. टोक रेमेईच्या हातात असायचं आणि तो म्हणायचा, "आणखी ओढ." शेवटी शेवटी ती भिंतीला पाय लावून ओढत असे.

मे महिन्यातल्या एका सरावात चौथा थर चढत असताना रेमेईला जाणवलं, की नवऱ्याचा श्वास थांबलाय. कान त्याच्या बरगड्यांना टेकलेला, आत काही हलतच नव्हतं. मनोरा सुखरूप उतरला. घरी आल्यावर एलादीला वाकून बूट काढता येईनात. ते तिने काढले आणि दुसऱ्या दिवशी त्याला न सांगता सरळ मंडळाच्या प्रमुखाकडे, केराल्तकडे गेली.

केराल्त बस चालवते; गाडीत आणि मंडळात तिचा शब्द शेवटचा. तिने एलादीला तळातून काढलं आणि पोन्स नावाच्या तरण्या गड्याला उभं केलं. एलादीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरचा भेदी म्हणतात तो हाच, असं तो चारचौघांत म्हणाला. जेवताना मिठाची बरणीसुद्धा तो बायकोकडे मागेना, उठून स्वतः घेई.

"सगळ्या गावासमोर मला म्हातारा ठरवलंस," एकदा तो बोललाच.

"तुझं वय तुझ्यापाशी," रेमेई म्हणाली. "वर लोकांची लेकरं असतात, एलादी."

तिचं खरं आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो आणखीच चिडला.

केराल्तने एक वाट मात्र ठेवली होती. सप्टेंबरच्या गावजत्रेआधी मेरित्सेलने होकार दिला तर जागा परत त्याची. मेरित्सेल ही मंडळाची व्यायाम शिकवणारी, अंगाने काटकुळी, वयाने एलादीच्या निम्मी. मंडळात सगळे एकमेकांना अरे-तुरेच करतात, त्यामुळे वयाचा मानही त्याला मिळायचा नव्हता. ही काडी मला ताकद शिकवणार, असं पुटपुटत तो सरावगृहाच्या तळघरात उतरला.

तिने त्याला शेला सोडून टाचा न उचलता उकिडवं बसायला सांगितलं. एलादी अर्ध्यातच मागे कलंडला. मग तिने झाडूचा दांडा त्याच्या पाठीवर उभा धरला आणि डोकं, पाठ, माकडहाड तिन्ही दांड्याला टेकलेलं ठेवून पुढे वाक म्हणाली. तो वाकला, की पाठीची कमान होऊन दांडा निसटायचा. सिमेंटच्या गोणी खांद्यावरून नेणारा माणूस एका झाडूपुढे घामाघूम झाला.

"घोटे अडलेत, खुबे अडलेत," ती म्हणाली. "जे त्यांनी वाकायचं ते सगळं तू कमरेकडून करून घेतोस. आणि कमरेला शेल्याने आवळून ठेवलंस, त्यामुळे पोटाला नि पाठीला काही कामच उरलं नाही. ती आळशी झाली."

"मग सोपं काय ते सांग."

"सोपं काही नाही. शेला माझ्याकडे दे."

तो शेला तिने कपाटात टाकून कुलूप लावलं. एलादी त्या दिवशी घरी जाताना उघडा पडल्यासारखा चालला, असं तो स्वतःच सांगतो.

पहिले काही आठवडे वजन नाहीच. पाठीवर पडून हात-पाय वर करायचे, श्वास सोडत एक हात नि उलटा पाय हळूहळू खाली न्यायचा, कंबर जमिनीवरून सुटू द्यायची नाही. पाववाल्याच्या दुकानात बायका विचारू लागल्या, की काय रे, तान्हं बाळ झालास म्हणे. एलादी हसला नाही आणि थांबलाही नाही. हट्टाला पेटला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. टोमॅटो चोळलेला पाव खाऊन झाला की गिऱ्हाइकाच्या घरीच, नव्या फरशीवर आडवा व्हायचा. एका म्हातारीने त्याला तसं पाहिलं, माणूस गेला असं समजून छातीवर क्रूस काढला आणि पाद्र्याला बोलवायला निघाली.

मग दाराची चौकट धरून उकिडवं बसणं आलं. मग फरशीच्या चिकट्याने भरलेली बादली एकाच हातात घेऊन, दुसऱ्या बाजूला न कलता चालणं आलं. ते जमल्यावर मेरित्सेलने लोखंडी दांडा जमिनीवरून उचलायला दिला, आधी हलका, मग आठवड्या-आठवड्याने जड. टाचा जमिनीला टेकू लागल्या. वजन कमरेऐवजी पायांतून वर येतंय हे त्याला पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं आपण काय करत होतो, याची त्याला लाज वाटली.

पण मेरित्सेलचं एक मागणं त्याला सगळ्यांत जड गेलं. श्वास कोंडायचा नाही, आणि बिघडतंय असं वाटलं की तिथेच तोंडाने सांगायचं. दुखायची वाट बघायची नाही. एलादीच्या घराण्यात तळाला उभं राहून कुणी बोललं नव्हतं. त्याच्या बापाच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि ते मनोरा उतरल्यावर कळलं होतं. ही गोष्ट गावात अजून कौतुकाने सांगतात.

ऑगस्ट संपता संपता मेरित्सेलने होकार दिला आणि कपाट उघडलं.

जत्रेच्या दिवशी चौक भरून गेला. एलादी तळाला, बगलेत रेमेई, बाहेर सनया. दुसरा थर, तिसरा, चौथा. एलादी श्वास घेत होता, सोडत होता. टोकाची पोर चढायला लागली आणि त्याच्या लक्षात आलं, की आपली डावी टाच हलकी झालीय. पायाखालचा दगड उतरता होता. डावा खुबा बोटभर सरकला आणि भार पायांतून निसटून कमरेकडे निघाला. दुखत काहीच नव्हतं. दात आवळले असते तर कदाचित निभलंही असतं. बोललो तर सारा गाव बघणार, आणि पोन्स बाहेर शेला बांधून तयारच आहे, हे त्याला लख्ख दिसत होतं.

"उतरवा," तो म्हणाला.

आवाज इतका हळू, की बगलेतल्या रेमेईशिवाय कुणाला ऐकू गेला नसता. तिने मान वर करून सगळ्या ताकदीने ओरडून तो शब्द बाहेर पोचवला. सनया थांबल्या. पोर आधी उतरली, मग एकेक थर, कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

चौकात कुजबुज सुरू झाली. बापाचं नाव काढून कुणीतरी काहीतरी बोललंही. केराल्त कडं फोडून आत आली. पोन्स तिच्या मागोमाग. एलादीने दगड दाखवला, अर्धं पाऊल मागे उभं राहिलं तर चालेल, एवढं सांगितलं. जागा गेली, असं तो मनात धरून बसला होता.

केराल्तने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती रेमेईकडे वळली.

"मे महिन्यात तूच आली होतीस माझ्याकडे. आता सांग. पोन्स की हा?"

रेमेईने बाहीने चेहरा पुसला.

"ह्यालाच ठेव," ती म्हणाली. "हा आता बोलतो."

केराल्तने पोन्सला कड्यात मागे पाठवलं आणि वादकांना खूण केली. एलादी अर्धं पाऊल मागे सरला, टाचा टेकवल्या. रेमेई परत त्याच्या बगलेत शिरली आणि वरच्याचा पाय त्याच्या खांद्यावर पडायच्या आत तो तिला म्हणाला, "मे महिन्यात तू केलंस ते बरं केलंस."