देवदूताचा झगा

सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला आले, ते डोक्यात इटली घेऊनच. जन्मभर चित्रकलेचे मास्तर. फ्लॉरेन्समधलं एक चित्र त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं, तेही पुस्तकातल्या काळ्या-पांढऱ्या छपाईवरून. ते एकदा प्रत्यक्ष बघायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी पडले उत्साही सून. फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, मला कुणा अमेरिकन बाईंचं शंभर वर्षांपूर्वीचं इटलीचं प्रवासवर्णन सापडलं. रोज दुपारी चहाबरोबर मी ते सासऱ्यांना मराठीतून सांगायचे. बाई प्रत्येक चित्रापुढे गहिवरायच्या आणि मग हॉटेलातल्या पिसवांवर घसरायच्या. आमच्या चित्रावर तर आठ पानं होती.

"सूनबाई, ही बाई चित्र बघते की स्वतःला?" सासरे म्हणाले.

त्यांना हवं होतं ते आठ पानांत कुठेच नव्हतं. चित्रातल्या देवदूताचा झगा कोणत्या रंगाचा? छपाईत तो नुसता करडा. मास्तरांनी मनानेच निळा ठरवला आणि मुलांकडून निळाच रंगवून घेतला. एकाने हिरवा रंगवला, तर त्याचा कागद भर वर्गात फाडला. तो मुलगा म्हणजे माझा नवरा. त्याने पुन्हा ब्रशला हात लावला नाही. हे मला सासूबाईंनी सांगितलेलं. बापलेक त्यावर अवाक्षर काढत नसत.

लांब वीकेंड आला, नवऱ्याला कारखान्यातून सुटी मिळेना, म्हणून आम्ही दोघंच फ्लॉरेन्सला गेलो. चित्रासमोर सासऱ्यांनी सवयीने चपला काढल्या. रखवालदाराने हटकलं, तेव्हा निमूट घातल्या आणि मान वर केली.

झगा हिरवा होता. कैरीसारखा हिरवागार.

परतताना मला वाईट वाटत होतं आणि, खोटं कशाला बोलू, हसूही येत होतं.

घरी नवऱ्याने चहा टाकला आणि चित्र कसं होतं म्हणून विचारलं.

"तुझा रंग बरोबर होता," सासरे म्हणाले. "मी चुकलो. कागद फाडायला नको होता."

 नवऱ्याने वडिलांच्या चहात साखर घातली, आणि परत एकदा घातली. तो गोडमिट्ट चहा सासऱ्यांनी मुकाट्याने संपवला.

नंतर भांडी विसळताना नवरा हळूच म्हणाला, "त्या दिवशी माझी निळ्या रंगाची वडी संपली होती गं. बाबांना सांगू नकोस."