वीस मिनिटं पुढचं घड्याळ

माझ्या स्वतःच्या लग्नाला मी उशिरा पोचलो, तेही पाच मिनिटं आधी आल्याच्या आनंदात.

नव्वदच्या दशकात आमच्या कोल्हापुरातल्या गल्लीत कुणाचं काहीही बिघडलं की लोक माझ्याकडं यायचे. टीव्हीवर मुंग्या? अँटेना फिरवा. रिमोट चालत नाही? सेल काढून परत घाला. गाडी रुसली? बॅटरीची वायर काढा, परत लावा. प्रश्न संपायच्या आत उत्तर! (ते बरोबर निघालं का, हे बघायला मी थांबत नसे.)

आमच्या जुन्या गाडीतलं घड्याळ अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, वीस मिनिटं पुढं ठेवलं होतं. कुठं उशीर होऊ नये म्हणून. घरात सगळ्यांना हे माहीत, त्यामुळं सगळे वीस मिनिटं वजा करून निवांत निघायचे.

लग्न कागलला, मुहूर्त बारा पस्तीसचा. सासरे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी आधीच बजावलेलं, "जावईबापू, येळ चुकली तर लगीन संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर!"

वऱ्हाड बसनं पुढं गेलं. आम्ही निघणार, तोच गाडीचा हॉर्न अडकला आणि थांबेचना. सगळी गल्ली बाहेर! मी मुंडावळ्या सावरत बॅटरीची वायर काढली, परत लावली. हॉर्न गप्प. गाडीतलं घड्याळ मात्र शून्यावर गेलेलं. शेजाऱ्यांना विचारून तेही मी अगदी मिनिटाला मिनिट लावलं.

मग हायवे लागला. दोन्ही बाजूंना उसाचे पांढरे तुरे डुलत होते, हवेत गुळाचा वास होता. मी डोळे मिटले की नवरी, शोभा, दिसायची, उघडले की ऊस. दोन्ही गोडच.

"किती वाजलं रं?" गाडी चालवता चालवता अण्णांनी विचारलं.

"बारा पाच दिसत्यात."

"म्हंजी पावणेबारा. लई येळ हाय की!"

आम्ही गुऱ्हाळावर थांबलो. अर्धा तास गरम काकवी चाटत मी धुराकडं बघत बसलो. आयुष्यात इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

मांडवात पोचलो तर मास्तर दारातच, हातात घड्याळ.

"बारा पन्नास!"

"न्हाय हो मामा, बारा तीस! वीस मिनिटं वजा..." म्हणता म्हणता मला आठवलं, घड्याळ कुणी लावलं ते.

"उशिरा आलेलं पोरगं मी कधी वर्गात घेतलं न्हाय," मास्तर म्हणाले, "मांडवात कसं घिऊ?"

संध्याकाळपर्यंत मी बाहेर चिंचेखाली. पाहुणे जेवून, पान खात, मला बघून जात होते. मला खरंच भीती वाटायला लागली, की आता शोभाच नको म्हणते. तेवढ्यात ती खिडकीत आली.

"बिघडलेलं समदं दुरुस्त करतासा म्हणं?"

"व्हय."

"मग ह्ये करा की!"

मी मुंडावळ्या काढल्या, परत बांधल्या. ती हसली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. मास्तरांनी माझ्या मनगटावर नवं घड्याळ बांधलं, वीस मिनिटं पुढं लावून.

ते अजून तसंच आहे. मी अजून वजा करून निवांत निघतो. आणि अजून कुठल्याही लग्नाला पोचलो, की लोक पान खात बाहेर येत असतात!