बोलावल्याशिवाय न हलणारा साडू

बोलावल्याशिवाय जागचा न हलणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. साडू अमेरिकन. पगार घेऊन फुटबॉल खेळायचा. माझी धाकटी मेव्हणी फिजिओथेरपी शिकायला उमरीहून तिकडे गेली, तिथे ह्याचा मोडका गुडघा तिच्या हाती आला आणि गुडघ्यामागून उरलेला माणूसही आला. "बॉल खेळतेत ते ठीक हाय, पण कामाला कुठं हायत?" एवढंच सासूबाईंनी विचारलं. पुढे फोनवरून त्याला मराठी त्यांनीच शिकवली, त्यामुळे हा गोरा गडी अस्सल उमरीचं बोलतो. "भाऊ, मी जेवण करून राहिलो," असं तो म्हणाला की नांदेडच्या माझ्या घरात हसू आवरत नाही.

त्याची सगळी कारकीर्द राखीव खेळाडूची. मैदानाकडेला पळत अंग गरम ठेवायचं आणि प्रशिक्षक नाव पुकारेल याची वाट बघायची. सासरे एकदा अमेरिकेला गेले, तेव्हा मुद्दाम सामना बघायला बसले. साडू शेवटपर्यंत कडेने पळत राहिला, नाव काही पुकारलं गेलं नाही. "जावयाला बसून पगार भेटतो, आपल्या सरकारी नोकरीसारखंच," असं सासऱ्यांनी गावी येऊन अभिमानाने सांगितलं. उमरीतल्या एका लग्नात तर पंगत बसली तरी हा मांडवाच्या टोकाला पाय ताणत उभा. पंगत उठली तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की पाव्हण्याला कुणी 'बसा' म्हटलेलंच नाही.

पुढे क्लबने त्याला काढलं, तेही न सांगता. नवा हंगाम आला आणि फोन यायचे थांबले. हा बिचारा रोज बूट पुसून वाट बघत होता, असं मेव्हणी सांगायची. मग एका शाळेत तो मुलांना खेळ शिकवू लागला. तिथे म्हणे तो प्रत्येक पोराला मैदानात उतरवतो, सामना हरला तरी चालेल.

गेल्या वर्षी मेव्हणी आजारात गेली. घर बसलंच. यंदा धोंड्याचा महिना आला. लेक-जावयाला जोडीने पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं. सासूबाई म्हणाल्या, "धाकटीच न्हाई, तर तिचं वाण कुणाला? त्यांना बोलावून दुःख कशाला उकरायचं?" ते मायेनेच होतं आणि आम्हा सगळ्यांना पटलं होतं. अर्धा महिना सरला तेव्हा त्याचा मला फोन आला. आधी नांदेडच्या उन्हाची चौकशी केली, मग म्हणाला, "भाऊ, धोंडा सुरू हाय ना? आईचा फोन न्हाई आला. मला बी काढलं का?"

फोन ठेवला. तसाच उमरीला गेलो आणि सासूबाईंना सांगितलं. त्या कणीक भिजवत होत्या. हात न धुताच म्हणाल्या, "लावा फोन." आणि त्याला म्हणाल्या, "लेक गेली, जावई कुठं गेलेत? या तुम्ही."

तो आला. सासूबाईंनी सवयीने दोन पाट मांडले आणि मांडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. उचलायचा तरी कसा? साडू एका पाटावर बसला, शेजारच्या पाटाकडे बघेना. तेव्हा जावयाशी 'या, बसा' यापलीकडे कधी न बोललेले सासरे उठले आणि लेकीच्या पाटावर जाऊन बसले. "मांडलेला पाट रिकामा ठेवत न्हाईत," म्हणाले. सासूबाईंनी दोघांना ओवाळलं. मग धोंडे वाढले.

परत जाताना नांदेड स्टेशनवर त्याने विचारलं, "आता कवा?" पुढचा धोंडा तीन वर्षांनी. सासू-सासरे दोघेही थकलेत.

"दिवाळीला ये," म्हटलं.

"कोण बोलावून राहिलं?"

"मी."