बोट कुठंच अडकत नाही

आमच्या घरात कापडाची एकच परीक्षा होती. डोळे मिटायचे आणि बोट फिरवायचं. बोट कुठे अडकलं नाही, तर कापड उत्तम. बाबा नागपुरातले जुने विणकर. पुढे त्यांना डोळे मिटायची गरजच उरली नाही. पन्नाशीतच काचबिंदूने नजर नेली आणि माग सुटला. ताण्याचा हिशेब मात्र त्यांनी सोडला नाही. ताणा म्हणजे मागावर लावायचे उभे धागे. पातळाचा पन्हा, म्हणजे रुंदी, एवढा, किनार एवढी, तर धागे किती, हे विचारायला गल्लीतले विणकर बाबांकडेच यायचे.

मामांनी मुंबईहून त्यांना एक कॅल्क्युलेटर आणून दिला होता. विटेसारखा जाडजूड, पण बटणं काय होती! उंच, मध्ये जराशी खोलगट, दाबलं की टक्क वाजून खाली जाणारी. पाचावर बारीक टिंब होतं, हाताला लागेल असं. बाबांचं बोट आधी त्या टिंबावर जायचं, मग बाकीचे आकडे त्यांना आपोआप सापडायचे. शेवटचं उत्तर तेवढं आई वाचून सांगायची. कोणी मदतीला हात पुढे केला की चिडायचे.

"डोये गेले माहे, बोटं नाही गेले," म्हणायचे.

ती टकटक ओसरीवरून ऐकू आली की मला वाटायचं, चला, बाबा कामावर आहेत.

मग मला शाळेत नोकरी लागली. मला नव्याची भारी हौस, आणि शहाणपण मिरवायची त्याहून जास्त. पहिला पगार आणि बाबांचा जुना कॅल्क्युलेटर घेऊन सीताबर्डीच्या बाजारात गेले. दुकानात नव्या तऱ्हेचा कॅल्क्युलेटर आला होता, पत्त्याच्या पानाएवढा. उंच बटणं नाहीतच, एका सपाट पापुद्र्यावर नुसते आकडे छापलेले. मी तिथेच डोळे मिटले आणि बोट फिरवलं. रेशमासारखं सरकलं. विणकराच्या पोरीला आणखी काय हवं? जुना दुकानदाराला देऊन टाकला आणि नवा घेऊन नाचत घरी आले.

बाबांनी त्यावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"बोट कुठंच अडकत नाही वं," ते म्हणाले.

मला कोण आनंद झाला! आमच्या घरात याहून मोठी तारीफ नव्हती.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी पलीकडच्या गल्लीतले एक विणकर आले. आवाज चढवला नाही, दारातच उभे राहिले.

"काका, किनारीले धागे कमी पडून राहिले. अख्खा ताणा वाया गेला."

"चूक माहीच हाय गा," बाबा म्हणाले. "आता डोकं चालत नाही माहं."

त्यानंतर विचारायला येणारे कमी झाले, मग कोणीच येईना. कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. बाबा ओसरीवर नुसते बसून असायचे. शेवटी आईने मला चुलीपाशी बोलावलं.

"डोकं चांगलं हाय त्यायचं. बटनच सापडत नाही त्यायले. तुले वाईट वाटंल म्हणून ते काही बोलले नाही."

मी शाळा बुडवून दुकानात धावले. जुन्याचे सुटे भाग करून टाकले होते. मी तिथेच रडायला लागले, तर दुकानदार घाबरला आणि पाण्याचा पेला पुढे करू लागला. त्या बिचाऱ्याचा काय दोष? गुन्हा माझाच होता.

घरी येऊन डिंकाने त्या पापुद्र्यावर ज्वारीचे दाणे चिकटवले. प्रत्येक आकड्यावर एक, पाचावर दोन. वाळल्यावर बाबांचं बोट धरून पाचावर नेलं.

"सापडला," ते म्हणाले. आणि मग, "पण आता कोणाचं काम करू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कोपऱ्यावरचे काका विचारून राहिले ना बाबा. पातळाचा ताणा लावायचा हाय त्यायले."

बाबा ताठ बसले. पन्हा विचारला, किनार विचारली. मी मनानेच आकडे ठोकून दिले. बोट चाचपत गेलं, एक दाणा निघाला, त्यांनी तो चिमटीत धरून बाजूला ठेवला. उत्तर आलं, मी मोठ्याने वाचलं. आणि वाचता वाचता मला आठवलं, कोपऱ्यावरच्या काकांनी दिवाळीतच माग विकून टाकला होता. त्या मागाचा खटखटाट बंद पडल्याचं घरात सगळ्यांच्या आधी बाबांनीच ओळखलं होतं.

बाबांनी धोतराच्या सोग्याने कॅल्क्युलेटर पुसला आणि माझ्या हातात दिला.

"सांग त्याले," ते म्हणाले, "लावायच्या आधी धागे दोनदा मोजून घे म्हणा."