चांदावरून आलेल्या माणसाला विचारलेला प्रश्न

चंद्रावर चालून आलेला एक म्हातारा अमेरिकन नागपूरच्या कॉलेजात बोलणार होता, म्हणून मी बाबांना भंडाऱ्याहून एसटीने घेऊन गेलो. आमचं गाव गोसीखुर्द धरणात बुडाल्याला बरीच वर्षं झाली. आता राहतो त्या वस्तीला आम्ही नुसतं ‘पुनर्वसन’ म्हणतो. ‘गाव’ म्हटलं की ते पाण्याखालचंच.

कार्यक्रमात चंद्रावर जेवायचं काय, संडासचं काय, असले प्रश्न विचारणारे एकदाचे आटोपले, तेव्हा बाबा उठले. “साहेबाले गावाची याद येते का?”

दुभाष्याने साहेबांना त्यांच्या जन्मगावाबद्दल विचारलं, आणि ते तिथल्या शेताबद्दल, गाईंबद्दल बोलत बसले. मला दुभाष्याचा राग आला. बाबा उभेच होते.

“ते गाव नाही जी. जिथं आता जाता येत नाही, ते.”

दुभाष्याने पुन्हा विचारलं. म्हातारा म्हणाला, चंद्र असला की अंगणात खुर्ची टाकतो आणि त्याच्याकडे बघत बसतो.

परतीच्या एसटीत मौदा आल्यावर बाबा खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “त्याले दिसते तरी.”