तिसरा भोंगा

नव्या रबराचा वास आला की मंगरूळपीरच्या रस्त्यावरची ती सकाळ आठवते. मी मालकांचा ड्रायव्हर होतो. त्यांच्या नव्या मोटारीसाठी अकोल्याच्या दुकानदाराने पसंतीला रबरी फुग्याचे तीन भोंगे आणले होते. समोरून बैलगाडी आली. मालक दिसताच रिवाजाप्रमाणे गाडीवान कासरा सोडून खाली उतरला आणि रामरामाला वाकला. "दाब," मालक मला म्हणाले. पहिल्या दोन भोंग्यांना बैल ढिम्म राहिले. तिसऱ्याला उधळले, गाडी नाल्यात गेली आणि एका बैलाचा पाय मोडला. "मालक, पेरनी तोंडावर हाये, आता काय जुपू?" गाडीवान रडू लागला. "कासरा सोडाले तुले कोनं सांगतलं?" मालक हसले आणि दुकानदाराकडे वळले, "हाच बसव." आज कबूल करतो, दोन भोंगे फुकट गेल्यावर मालकांचा चेहरा पाहून तिसरा मी मुद्दाम जोरात दाबला होता.